दिवसाला जेमतेम चार तास काम, आयुष्यभराचं आजारपण. तरी चार्ल्स डार्विनने एवढं काम केलं कसं?

पहाटे पाचला उठा, अमुक अ‍ॅप वापरा, तमुक पद्धतीने नोट्स काढा. कामं वेळेत कशी संपवायची याचे सल्ले आज मोबाईल उघडला की समोर येतात. पण ज्या माणसाने जीवसृष्टीकडे बघण्याची जगाची नजर बदलली, त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे होती कागदी पाकिटं, तारेला खोचलेली पत्रं, कागदाला कागद जोडत वाढलेल्या याद्या आणि बागेत मोजणीसाठी ठेवलेला गारगोट्यांचा ढीग.

त्यात हा माणूस बहुतेक काळ आजारी असायचा. उलट्या, छातीत धडधड, अंगावर गळवं, प्रचंड थकवा. नक्की आजार कोणता यावर डॉक्टरांचं आजही एकमत नाही. चांगल्या दिवशीसुद्धा त्याचं टेबलावरचं काम चार तासांच्या पुढे फारसं जात नसे.

तरीही चार्ल्स डार्विनने डझनाहून जास्त पुस्तकं लिहिली, हजारो पत्रांना उत्तरं दिली आणि उत्क्रांतीचा सिद्धांत मांडला. हे त्याला कसं जमलं? आणि त्याच्या कागदपत्रांच्या शिस्तीने ऐन वेळी त्याला कसं वाचवलं? त्याचीच ही गोष्ट.

डॉक्टरकी सोडलेला मुलगा

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूझबरी गावात झाला. वडील रॉबर्ट नावाजलेले डॉक्टर होते आणि पैशांची कमतरता नव्हती. मुलानेही डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी त्याला एडिंबराला पाठवलं. पण भूल न देता केलेल्या शस्त्रक्रिया बघून त्याने ते शिक्षण सोडलं. मग पाद्री व्हावं म्हणून त्याला केंब्रिजला पाठवण्यात आलं. तिथे त्याचं लक्ष पुस्तकांपेक्षा भुंगेरे गोळा करण्यात जास्त होतं.

पदवी मिळाली आणि त्याच वर्षी 'बीगल' या जहाजावर निसर्ग अभ्यासक म्हणून जायची संधी चालून आली. २७ डिसेंबर १८३१ ला जहाज निघालं आणि २ ऑक्टोबर १८३६ ला परत आलं. म्हणजे जवळपास पाच वर्षं.

नोंदी ठेवायचं खरं शिक्षण त्याला याच प्रवासात मिळालं. त्याच्या खिशात छोटी वही असायची. बाहेर जे दिसेल ते पेन्सिलीने तिच्यात उतरवायचं. जहाजावर परतलं की त्यावरून शाईने सविस्तर लिहायचं: भूगर्भशास्त्राचं एकीकडे, प्राण्यांचं दुसरीकडे, रोजनिशी तिसरीकडे. प्रत्येक नमुन्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधायची आणि तोच क्रमांक यादीत लिहायचा. परत आला तेव्हा त्याच्या याद्यांमध्ये स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेले १,५२९ आणि सुकवलेले ३,९०७ नमुने होते.

म्हणजे शिस्त होती. पण एका ठिकाणी ती सुटली आणि नेमकी नको तिथे सुटली.

चिठ्ठी लावायची राहून गेली

सप्टेंबर १८३५ मध्ये बीगल गॅलापागोस बेटांवर पोहोचलं. डार्विनने तिथले छोटे पक्षी गोळा केले, पण कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा हे बहुतेकांच्या बाबतीत लिहून ठेवलं नाही. बेटं एकमेकांच्या इतकी जवळ असताना पक्षी वेगवेगळे असतील असं त्याला वाटलंच नव्हतं.

लंडनला आल्यावर, जानेवारी १८३७ मध्ये, पक्षीतज्ज्ञ जॉन गोल्डने हे नमुने तपासले. डार्विनला जे वेगवेगळ्या जातकुळीचे पक्षी वाटले होते ते सगळे फिंच आहेत, एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत आणि जगात दुसरीकडे कुठे माहीत नाहीत, असं गोल्डने सांगितलं.

आता प्रश्न आला तो बेटांचा. एकेका बेटावर एकेक जात असेल तर त्याचा अर्थ फार मोठा होता. पण चिठ्ठ्याच नव्हत्या. शेवटी डार्विनला जहाजाचा कप्तान फिट्झरॉय, स्वतःचा नोकर सिम्स कॉव्हिंग्टन आणि इतर सहप्रवाशांच्या संग्रहांवरून माहिती जुळवावी लागली. त्यांनी बेटांची नावं नोंदवली होती. मॉकिंगबर्ड पक्ष्यांच्या बाबतीत मात्र डार्विनने स्वतः बेटांची नोंद केली होती, ती आता कामी आली.

नोंद करताना कोणती माहिती पुढे महत्त्वाची ठरेल हे आपल्याला माहीत नसतं. त्यामुळे कुठे, कधी, कुणाकडून या तीन गोष्टी लिहायच्याच. डार्विनच्या पुढच्या कागदपत्रांमध्ये ही काळजी जागोजागी दिसते.

वह्यांना अक्षरं, पानांना कात्री

जुलै १८३७ मध्ये त्याने एका प्रजातीपासून दुसरी प्रजाती कशी तयार होते या विषयाची पहिली वही सुरू केली. तिला त्याने 'बी' हे अक्षर दिलं. पुढे सी, डी, ई अशा वह्या आल्या. माणसाचं मन आणि वागणूक यांवरच्या नोंदी 'एम' आणि 'एन' या वेगळ्या वह्यांमध्ये गेल्या. विषयाला वही आणि वहीला अक्षर, इतकी साधी पद्धत. बी वहीतच त्याने प्रजातींच्या वंशवृक्षाचं ते प्रसिद्ध रेखाचित्र काढलं.

पण वहीची एक अडचण असते. तिच्यात गोष्टी सुचलेल्या क्रमाने येतात आणि पुस्तक लिहिताना त्या विषयाच्या क्रमाने लागतात. डार्विनने यावर सरळ उपाय केला. त्याने वह्यांची पानं कापली आणि विषयवार पाकिटांमध्ये टाकली. पुढे अभ्यासकांना ही कापलेली पानं शोधून पुन्हा वह्यांशी जुळवावी लागली.

याद्या करायची सवय तर इतकी की १८३८ मध्ये लग्न करावं की नाही याचाही त्याने कागदावर हिशेब मांडला. एका बाजूला लग्नाचे फायदे: मुलं, म्हातारपणी सोबत, घरात कुणीतरी बोलायला. दुसऱ्या बाजूला तोटे: नातेवाइकांकडे जाणं, खर्च आणि सगळ्यात मोठा तोटा म्हणजे वेळेचा अपव्यय. शेवटी लग्नाची बाजू जिंकली. २९ जानेवारी १८३९ ला त्याचं मामेबहीण एमा वेजवुडशी लग्न झालं.

डाउन हाउसमधला दिवस

सप्टेंबर १८४२ मध्ये डार्विन कुटुंब लंडन सोडून केंटमधल्या एका लहान गावात राहायला गेलं. डाउन हाउस नावाच्या या घरात डार्विन पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत राहिला. त्याचा मुलगा फ्रान्सिस याने वडिलांचा दिनक्रम तपशिलात लिहून ठेवलाय. तो साधारण असा:

- सकाळी लवकर थोडं फिरणं आणि पावणेआठच्या सुमारास एकट्याने नाश्ता.
- ८ ते ९.३०: अभ्यासिकेत काम. दिवसातला हा सगळ्यात चांगला वेळ.
- ९.३० ते १०.३०: आलेली पत्रं बघणं, सोफ्यावर पडून कुणाकडून तरी कादंबरी वाचून घेणं.
- १०.३० ते १२: पुन्हा काम. हे संपलं की दिवसाचं मुख्य काम झालं असं तो मानायचा.
- दुपारी फेरफटका, जेवण, वर्तमानपत्र, पत्रांना उत्तरं.
- ३ नंतर विश्रांती आणि पुन्हा कादंबरी. ४ वाजता आणखी एक फेरफटका.
- ४.३० ते ५.३०: कामाचा शेवटचा तास.
- रात्री जेवणानंतर एमाबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव आणि साडेदहाला झोप.

बेरीज केली तर काम चार तास. पण ते रोज, त्याच वेळेला आणि वर्षानुवर्षं. तब्येतीने मुळातच कमी तास दिले होते, म्हणून त्यातले सगळ्यात ताजे तास त्याने सगळ्यात अवघड कामाला दिले. पत्रांसारखी कामं थकलेल्या वेळेत ढकलली.

फिरायला घराजवळच 'सँडवॉक' नावाची पायवाट होती. किती फेऱ्या झाल्या हे डोक्यात धरून ठेवायला नको म्हणून तो वाटेत गारगोट्यांचा छोटा ढीग ठेवायचा आणि प्रत्येक फेरीला एक दगड पायाने बाजूला सारायचा. मोजायचं काम दगडांचं, विचार करायचं काम डोक्याचं.

तपकिरीची गोष्टही अशीच. डार्विनला तपकीर ओढायचं व्यसन होतं. ते कमी व्हावं म्हणून तपकिरीची बरणी अभ्यासिकेत न ठेवता बाहेर दिवाणखान्याच्या टेबलावर ठेवलेली असायची. प्रत्येक चिमटीसाठी उठून जावं लागलं की आपोआप थोडा आळा बसतो. आज काम करताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवणारे लोक हेच करतात.

पाकिटं, याद्या आणि फाडलेली पुस्तकं

अभ्यासिकेत कपाटाच्या कप्प्यांवर नावं चिकटवलेली असायची आणि त्यात तीस ते चाळीस मोठी पाकिटं. एकेका विषयाचं एकेक पाकीट. कुठेही काही वाचलं, कुणी पत्रात काही कळवलं, स्वतःला काही दिसलं की त्याचं टिपण लगेच त्या त्या पाकिटात जायचं. आपण मोबाईल-लॅपटॉपवर फोल्डर करतो, अगदी तसंच.

पुस्तक वाचताना तो कामाच्या गोष्टींची पान क्रमांकासह यादी पुस्तकाच्या शेवटी करायचा. पुस्तक दुसऱ्याचं असेल तर वेगळा सारांश लिहायचा. अशा सारांशांनी त्याचा एक मोठा खण भरला होता. नवीन विषय हाती घेतला की आधी या सगळ्या छोट्या याद्या चाळून एक मोठी वर्गवार यादी करायची, मग संबंधित पाकिटं काढायची. म्हणजे लिहायला बसण्याआधी आयुष्यभर जमवलेली माहिती टेबलावर हजर.

पुस्तकांचं त्याला कामापुरतं कौतुक होतं. जाडजूड पुस्तक हातात धरायला जड वाटलं तर तो सरळ त्याचे दोन तुकडे करायचा. पत्रिकांमधली हवी तेवढी पानं फाडून ठेवायची आणि बाकी टाकून द्यायची. कोऱ्या कागदाची बचत तर इतकी की जुन्या हस्तलिखितांच्या पाठीवर लिहायचा. मुलंही त्याच कागदांच्या मागे चित्रं काढायची. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकाच्या हस्तलिखिताची फारच थोडी पानं आज शिल्लक आहेत आणि त्यातली काही मुलांच्या चित्रांमुळे वाचली.

या सगळ्या पद्धतींमध्ये त्याचा एक नियम सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या मताच्या विरोधात जाणारी माहिती दिसली की ती ताबडतोब लिहून ठेवायची. कारण सोयीची माहिती लक्षात राहते आणि गैरसोयीची चटकन विसरते, हे त्याने ओळखलं होतं. पुढे टीका झाली तेव्हा बहुतेक आक्षेपांचा विचार त्याने आधीच केलेला होता तो यामुळेच.

त्याची प्रत्येक पद्धत शहाणपणाची होती असं मात्र नाही. आपल्याकडे दुकानात बिलं तारेला खोचून ठेवतात तशी तो आलेली पत्रं गजांना खोचून ठेवायचा. गज मोजकेच होते. ते भरले की जुनी पत्रं जाळायची आणि गज मोकळे करायचे! त्यामुळे १८६२ च्या आधी त्याला आलेली बहुतेक पत्रं नष्ट झाली. नंतर घरच्यांनी समजावल्यावर तो महत्त्वाची पत्रं ठेवू लागला.

आजारपणाचीही वही

घरचा जमाखर्च तो आयुष्यभर लिहीत होता. १८३८ पासून एक छोटी डायरी होती. त्यात कोणतं पुस्तक कधी सुरू केलं, कधी संपवलं, आजारपणात किती दिवस गेले हे असायचं. १८४९ पासून काही वर्षं तर त्याने तब्येतीची रोजची नोंद ठेवली. दिवस कसा गेला, रात्र कशी गेली याच्या खुणा करायच्या आणि चांगल्या दिवसांची बेरीज करायची. उपचार लागू पडतोय का, हे त्याला बघायचं होतं.

पण वहीत लिहून सगळं ताब्यात येत नाही. १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी अ‍ॅनी आजारी पडली. ज्या पाण्याच्या उपचारांनी त्याला स्वतःला बरं वाटलं होतं, त्याच उपचारांसाठी तो तिला माल्व्हर्नला घेऊन गेला. २३ एप्रिलला ती तिथेच गेली. आठवडाभराने त्याने तिच्या आठवणी कागदावर उतरवून काढल्या. हे मात्र कोणत्याही पुस्तकासाठी नव्हतं.

वीस वर्षं थांबलेला सिद्धांत

नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विनला १८३८ मध्येच सुचली होती. १८४२ मध्ये त्याने तिचा ३५ पानांचा आराखडा केला. १८४४ मध्ये तो वाढवून सुमारे २३० पानांचा निबंध लिहिला. मग तो बाजूला ठेवला.

बाजूला ठेवताना मात्र व्यवस्था चोख केली. ५ जुलै १८४४ ला त्याने एमाच्या नावाने एक पत्र लिहून ठेवलं. आपण अचानक गेलो तर हा निबंध छापण्यासाठी ४०० पौंड खर्च करावेत, एखाद्या जाणकार संपादकाला काम द्यावं आणि टिपणांची आठ-दहा पाकिटंही त्याच्याकडे सोपवावीत, असं त्यात होतं.

त्यानंतर १८४६ ते १८५४ ही आठ वर्षं गेली बार्नेकल या जिवांच्या अभ्यासात. समुद्रकिनारी खडकांना आणि होड्यांच्या बुडाला घट्ट चिकटलेले कवचवाले जीव असतात, तेच हे. या कामाने जीवशास्त्रज्ञ म्हणून त्याचा दबदबा वाढला, पण मुख्य सिद्धांत पाकिटातच राहिला. सप्टेंबर १८५४ मध्ये बार्नेकलचा पसारा आवरला आणि त्याने प्रजातींची टिपणं लावायला घेतली. जगभर पत्रं गेली. कोलकात्यात एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय सांभाळणारा एडवर्ड ब्लिथ त्याला भारतातल्या प्राण्या-पक्ष्यांची माहिती लांबलचक पत्रांतून पुरवत होता.

भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने १८५६ मध्ये त्याला सावध केलं होतं की लवकर छाप, नाहीतर दुसरा कुणी पुढे जाईल. डार्विनने मोठा ग्रंथ लिहायला घेतला खरा, पण त्याला सगळे पुरावे द्यायचे होते. ग्रंथ वाढतच गेला.

आणि १८ जून १८५८ ला त्याच्या हातात एक पाकीट पडलं. आजच्या इंडोनेशियातून आल्फ्रेड रसेल वॉलेसने एक लेख पाठवला होता. त्यात जवळपास डार्विनचाच सिद्धांत होता, स्वतंत्रपणे सुचलेला.

वीस वर्षांचं काम दुसऱ्याच्या नावावर जायची वेळ आली होती. त्याच दिवसांत घरात स्कार्लेट फीवरची साथ शिरली आणि २८ जूनला त्याचं धाकटं बाळ गेलं. डार्विन काही ठरवायच्या मनःस्थितीत नव्हता. निर्णय त्याने लायेल आणि वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ हूकर या मित्रांवर सोपवला.

इथे जुने कागद कामी आले. १८४४ चा निबंध हूकरने पूर्वीच वाचलेला होता. शिवाय सप्टेंबर १८५७ मध्ये डार्विनने अमेरिकी वनस्पतीशास्त्रज्ञ एसा ग्रे याला सिद्धांताचा सारांश कळवला होता आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवली होती. म्हणजे तारखेसह पुरावे होते. १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं. आधी डार्विनचं, मग वॉलेसचं.

यात एक खटकणारी बाब आहे. वॉलेसला कुणी विचारलंच नव्हतं. तो हजारो मैलांवर होता आणि उत्तर यायला काही महिने लागले असते. कळल्यावर त्याने तक्रार केली नाही. उलट १८६९ मधलं आपलं गाजलेलं प्रवासवर्णन त्याने डार्विनला अर्पण केलं. १८८१ मध्ये अडचणीत असलेल्या वॉलेसला सरकारी पेन्शन मिळवून देण्यात डार्विनचा पुढाकार होता.

वॉलेसच्या पत्राने एक गोष्ट मात्र झाली. डार्विनने मोठा ग्रंथ बाजूला ठेवला आणि त्याचा संक्षेप लिहायला घेतला. पाकिटं तयारच होती. साधारण तेरा महिन्यांत पुस्तक पूर्ण झालं आणि २४ नोव्हेंबर १८५९ ला 'ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रकाशित झालं. पहिली आवृत्ती १,२५० प्रतींची होती.

म्हणजे ज्या काटेकोरपणाने त्याचं काम भक्कम केलं, त्याच काटेकोरपणाने ते वीस वर्षं अडवूनही ठेवलं. टिपणं जमवणं हेही काम टाळायचं साधन होऊ शकतं. कधी थांबायचं हे पाकिटं सांगत नाहीत. डार्विनला ते वॉलेसच्या पत्राने सांगितलं.

हे प्रत्येकाला जमेल का?

डार्विनची नक्कल करण्याआधी एक हिशेब लक्षात घ्यायला हवा. त्याला पोटासाठी नोकरी करावी लागली नाही. घरात नोकरचाकर होते. हस्तलिखितं सुवाच्य करून द्यायला गावचा शाळामास्तर होता. आणि एमा होती. दहा मुलांचं बाळंतपण, त्यातल्या तिघांचे मृत्यू, नवऱ्याचं आजारपण, घरातली शांतता हे सगळं तिने सांभाळलं. त्याचे चार तास अखंड राहिले, कारण बाकीचे वीस तास दुसरं कुणीतरी बघत होतं.

पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. सुचलेलं लगेच लिहिणं, त्यावर कुठून आलं ते टाकणं, विरोधातला मुद्दा आधी नोंदवणं, मोहाची वस्तू हातापासून लांब ठेवणं आणि ठरलेल्या वेळी काम थांबवणं.

२९ वर्षांनी खणलेला चर

डार्विनच्या चिकाटीचं सगळ्यात भारी उदाहरण गांडुळांचं आहे. २० डिसेंबर १८४२ ला त्याने घराजवळच्या एका शेतात खडूचे तुकडे पसरले. गांडुळं माती वर आणून टाकतात आणि त्यामुळे वरच्या वस्तू हळूहळू गाडल्या जातात, असा त्याचा अंदाज होता. मग तो वाट बघत राहिला. नोव्हेंबर १८७१ च्या अखेरीस, म्हणजे २९ वर्षांनी, त्याने तिथे चर खणला. खडूचा पांढरा थर जमिनीखाली सात इंचांवर सापडला. गांडुळांवरचं पुस्तक ऑक्टोबर १८८१ मध्ये आलं. ते त्याचं शेवटचं पुस्तक ठरलं.

रात्रीच्या बॅकगॅमनचाही त्याने असाच चिवटपणे हिशेब ठेवला होता. १८७६ च्या सुरुवातीला एका पत्रात त्याने स्कोअर कळवला: एमा २,४९० डाव, आपण २,७९५.

१९ एप्रिल १८८२ ला डाउन हाउसमध्येच डार्विनचं निधन झालं. आठवडाभराने त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्यात आलं.

त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून सुमारे १५,००० पत्रं आज माहीत आहेत. त्याच्या वह्या आणि टिपणं मुख्यतः केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्यातल्या बी आणि सी या दोन वह्या मधली वीस-एक वर्षं बेपत्ता होत्या. मार्च २०२२ मध्ये कुणीतरी त्या एका गुलाबी गिफ्ट बॅगेत घालून ग्रंथालयात आणून ठेवल्या. कोणी, ते अजूनही समजलेलं नाही. वह्या मात्र सुस्थितीत होत्या आणि वंशवृक्षाचं ते रेखाचित्रही जागच्या जागी होतं.